बनी तो बनी, नाही तर परभणी: राजावरच्या बलिदानांची चाळण

४ मे २०२५, रविवार

आधी काम काय ते लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभरात भरकटेल.

परभणीतल्या आमच्या रविवारच्या बुद्धिबळ वर्गासाठी छापील कोड्यांचा संच करायचा आहे. विषय एकच: राजावर चाल करून जाताना मोहरा देऊन जिंकणं. मोबाइलवर अशी कोडी ढिगानं आहेत आणि पोरं ती सोडवतातही. पण कोडं समोर आलं की यात काहीतरी द्यायचंय हे त्यांना आधीच ठाऊक असतं. पहिला शह दिसला की वजीर फेकतात, आणि बरेचदा उत्तर बरोबरही निघतं. डावात मात्र कानात सांगायला कुणी नसतं. आमच्यातल्या एकानं मागच्या स्पर्धेत किल्लेकोट झाल्या झाल्या उंट एच७ वर (पटाची उभी ओळ एच, पांढऱ्याकडून सातवं घर) हाणला. राजानं खाल्ला. पुढं काहीच नाही. कामून दिलास रे, असं विचारलं तर हसत म्हणतो, "सर, बनी तो बनी, नाही तर परभणी!" म्हण गावाचीच, मी काय बोलणार?

तर संचात दोन प्रकार हवेत. मोहरा दिला की डाव जिंकतो ती स्थिती, आणि दिसायला अगदी तशीच, पण जिथं देणारा बुडतो ती स्थिती. दुसऱ्या प्रकाराची कोडी मला कुठं आयती मिळालेली नाहीत.

साधनं: घरचा जुना लॅपटॉप, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, त्यातली बुद्धिबळाची तयार लायब्ररी, आणि स्टॉकफिश हे चाली मोजणारं इंजिन. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळानं आपले सगळे डाव आणि कोडी कुणालाही वापरायला खुली ठेवली आहेत. डावांच्या फायली महिन्यावार मिळतात. सगळे डाव उतरवले तर डिस्क भरेल, म्हणून सुरुवात कोड्यांच्या फाइलपासून.

९ मे, शुक्रवार

बलिदान म्हणजे काय हे माणसाला सांगावं लागत नाही. यंत्राला अक्षरशः सांगावं लागतं.

नेहमीची किंमत धरली: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. चाल खेळल्यावर आपली बेरीज खाली गेली की बलिदान, एवढंच सांगितलं तर साधी देवाणघेवाणही त्यात येते. त्यांनी माझा घोडा मारला, मी अजून परत मारायचा आहे, तेवढ्या क्षणी मी तीन गुणांनी खाली. म्हणून नियम असा केला: सुरुवातीची स्थिती शांत हवी, म्हणजे आधीची चाल मारामारीची नको. मग इंजिननं सुचवलेल्या सर्वोत्तम चालींच्या ओळीवर चालत जायचं आणि समोरच्याचं उत्तर येऊन आपली पाळी आली की बेरीज घ्यायची. सलग दोन पाळ्यांना आपण निदान दोन गुणांनी खाली असलो, तरच बलिदान.

दुसरी अट अशी की बलिदानाची चाल जिंकणारी हवी आणि तिच्या खालोखालची चाल जिंकणारी नको. इंजिनला दोन ओळी मागायच्या. पहिली तीन गुणांच्या वर किंवा मात, दुसरी एक गुणाच्या खाली. साध्या चालीनंही डाव जिंकता येत असेल तर वजीर देणं ही नुसती हौस झाली. हौसेला मोल नाही, पण वर्गात ती शिकवायचीही नाही.

ऑस्ट्रियाचे खेळाडू स्पीलमन यांनी १९३५ मध्ये बलिदानांचे दोन गट पाडले होते, खोटी आणि खरी. खोट्यात दिलेलं थोड्याच चालींत व्याजासकट परत येतं आणि ते मोजता येतं. खऱ्यात हिशेब पुरा होत नाही, अंदाजावर द्यावं लागतं. माझी अट खोट्यांनाच पकडते. दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी तेच बरं. खऱ्यांचं काय करायचं ते पुढं बघू.

१८ मे, रविवार

वर्गाला लग्नाची सुट्टी, निम्मी पोरं मामाच्या गावाला. दुपारभर लाइट नव्हती. उन्हात लॅपटॉप असा तापतो की इंजिन रात्रीच चालवावं लागतं.

कोड्यांकडे वळण्याआधी या अटींची चाळणी जुन्या नावाजलेल्या डावांवर लावून पाहिली. १८५१ मध्ये लंडनला अँडरसन यांनी कीझरित्स्कीविरुद्ध उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला आणि उरलेल्या घोड्या-उंटांनी मात केली. हाच तो 'अमर डाव'. चाळणीनं तो नापास केला. उंट डी६ वर आणून अँडरसन यांनी हत्ती वाऱ्यावर सोडले, त्याच जागी यंत्राला त्याहून सरळ आणि भक्कम चाली दिसतात. पोरांना हे सांगितलं तर त्यांचं मन मोडेल, तरी सांगणार आहे. तो डाव सुंदर आहेच. 'हीच चाल जिंकते' या प्रश्नाचं उत्तर म्हणून मात्र तो चालत नाही.

लास्कर-बावर, ॲमस्टरडॅम १८८९, हा डाव जास्त उपयोगाचा ठरला. पुढं जगज्जेता झालेला लास्कर तेव्हा वीस वर्षांचा. पंधराव्या चालीला उंट एच७ वर मारून शह, राजानं घेतला. वजीर एच५ वरचा घोडा मारून शह, राजा जी८. आता दुसरा उंट जी७ वर. तोही राजानं घेतला. वजीर जी४ वर शह, राजा एच७ वर, हत्ती एफ३. पुढच्या चालीला हत्ती एच३ वर येऊन मात करणार, म्हणून काळ्यानं ई-प्यादं पुढं ढकलून वजिराला एच६ पर्यंत यायची वाट करून दिली. तिथं तो हत्तीच्या बदल्यात गेला. इथपर्यंत बेरीज केली तर पांढऱ्याच्या हाती फार काही नाही. मग बाविसावी चाल, वजीर डी७. बी७ आणि ई७ वरचे दोन्ही उंट एकदम माऱ्यात, आणि त्यातला एकच वाचणार.

दोन-दोन उंट देऊन केलेला हल्ला मात करून संपला नाही, एका साध्या दुहेरी माऱ्यात संपला. लास्करला पहिला उंट देतानाच ती डी७ ची चाल दिसत असणार, नाहीतर सगळं व्यर्थ होतं. म्हणून चाळणीतून 'शेवटी मातच हवी' ही अट काढली आणि ओळ जास्त लांबवर तपासायला लावली. त्यानं यंत्र फार हळू झालं. चालायचंच.

१ जून, रविवार

आज मुक्काम एच७ वरच. सगळ्यांत जास्त पोरं तिथंच उंट घालवतात, म्हणून संचाचा पाया हाच नमुना.

फ्रेंच बचाव या काळ्याच्या सुरुवातीतली एक स्थिती पायाभूत धरली. चाली अशा: ई४ ई६, डी४ डी५, घोडा सी३ घोडा एफ६, ई५ आणि काळा घोडा मागं डी७ वर, घोडा एफ३ उंट बी४, उंट डी३ आणि काळा किल्लेकोट करतो. एफ६ चा रखवालदार घोडा गेलेला, एफ८ च्या घरात स्वतःचाच हत्ती, काळा उंट पार पलीकडच्या बाजूला.

उंट मारतो एच७, शह. राजा मारतो. घोडा जी५, शह. एच८ वर गेला तर वजिराच्या दोन चालींत मात, ते सोडलं तर राजाला तीन घरं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी पाहावी लागतात. पोरं फक्त पहिलं पाहतात.

राजा जी८ वर परतला तर वजीर एच५. मात करायची धमकी. काळा हत्ती ई८ ला नेऊन वाट करतो. आता घाईनं वजीर एच७ वर शह दिला की राजा एफ८, पुन्हा एच८ वर शह, राजा ई७, आणि जी७ चं प्यादं खाल्लं तरी शह बसत नाही, कारण मध्ये एफ७ चं प्यादं उभं आहे. म्हणून आधी वजिरानं एफ७ खायचं, शह देऊन. राजा एच८. वजीर परत एच५, शह, राजा जी८. मग एच७ वर शह, राजा एफ८, एच८ वर शह, राजा ई७, आणि जी७ चं प्यादं मारून मात. डी६ आणि एफ६ ही घरं ई५ च्या प्याद्यानं बांधलेली, डी८ ला काळ्याचाच वजीर, डी७ ला घोडा, ई८ ला हत्ती. सगळी आपलीच माणसं दारात आडवी. ती एफ७ ची एक खेप कामून, हे ज्याला सांगता आलं त्याला हा नमुना आला असं मी धरतो.

राजा एच६ वर गेला तर घोडा ई६ चं प्यादं मारतो, सी१ च्या उंटाचा शह उघडतो आणि डी८ चा वजीर घोड्याच्या तोंडी. राजा जी६ वर आला तर प्रकरण लांबतं. वजीर जी४ किंवा प्यादं एच४, दोन्ही चालतं, पण पुढं शांत डोक्यानं मोजावं लागतं. आणि काळ्यानं वजिरानंच जी५ चा घोडा मारला तर सी१ चा उंट वजीर घेतो. उंट-घोड्याच्या बदल्यात वजीर, वर एच७ चं प्यादं फुकट.

आता त्याच डावात काळा उंट बी४ ऐवजी ई७ वर ठेवा. बाकी सगळं तसंच. घोडा जी५ वर आला की हा उंट त्याला खातो. सी१ च्या उंटानं परत खाल्लं की काळा प्यादं एफ६ वर ढकलतो. वजीर एच५ वर शह, राजा जी८, प्यादी आणि मग उंट-घोडा एफ६ वर कटतात आणि पांढऱ्याकडं हिशेबाला उरतं ते एका प्याद्यासाठी दिलेला अख्खा उंट. हल्ला संपला.

पण पांढऱ्याचं प्यादं आधीच एच४ वर असेल आणि हत्ती एच१ वरच असेल, तर ई७ चा उंटही काळ्याला वाचवत नाही. इटलीच्या ग्रेकोनं सतराव्या शतकातच हे लिहून ठेवलंय. त्याच्या डावात उंटानं जी५ वर घोडा खाल्ल्यावर एच-प्याद्यानं तो उंट मारला आणि एच१ च्या हत्तीचा शह उघडला. राजा जी८, वजीर एच५, काळ्याचं प्यादं एफ५, पांढऱ्याचं जी६, आणि एच८ वर मात.

एकाच चालीचे तीन निकाल, आणि फरक काय तर एका उंटाचं घर आणि एका प्याद्याची दोन घरं. संच असाच हवा.

१२ जून, गुरुवार

कोड्यांच्या फाइलवर चाळणी लावली. 'बलिदान' असा शिक्का असलेली कोडीच लाखांच्या घरात. पण राजावरचा हल्ला म्हणता येईल अशी त्यात कमीच. बरंच पीक शेवटाच्या खेळातलं: हत्ती देऊन प्यादं वजीर करायचं, घोडा देऊन दोन प्यादी पुढं काढायची. चांगली आहेत, पण इथली नाहीत.

म्हणून तिसरी अट. शत्रूच्या राजाभोवतीची घरं आणि त्यांच्या पुढची एक ओळ धरायची. दोन चालींच्या आत आपले किती मोहरे तिथं पोचतात आणि त्याचे किती, ते मोजायचं. आपले जास्त नसतील तर ते कोडं बाहेर. वजीर पटावर हवाच. यानं पीक एकदम स्वच्छ झालं. फ्रेंचच्या पायाभूत स्थितीत पांढऱ्याचे दोन उंट, घोडा, वजीर, असे चौघं पोचतात. काळ्याचे एफ८ चा हत्ती आणि डी८ चा वजीर. डी७ चा घोडा जवळ दिसतो, पण ई५ च्या प्याद्यामुळं त्याला एफ६ नाही आणि हत्तीमुळं एफ८ नाही. यंत्र त्याला रखवालीत धरतच होतं. त्यासाठी मुद्दाम ओळ घातली: ज्या घरी जाऊन मार खाणार ते घर मोजायचं नाही.

२९ जून, रविवार

शाळा सुरू झाल्या, वर्ग पुन्हा भरला. पहिला कागद झेरॉक्स करून वाटला. पानावर चार पट, खाली एकच प्रश्न: 'पांढऱ्याची चाल. काय खेळाल आणि समोरचा काय करेल?' कुठंही बलिदान हा शब्द नाही. चारांत दोन ठिकाणी द्यायचं, दोन ठिकाणी द्यायचं नाही.

पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी चारही ठिकाणी दिलं. एकानं तर पट न बघताच चार वेळा 'उंट एच७' लिहिलं.

मग सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, हे दुसऱ्या आन् तिसऱ्या पटात हत्तीचाच फरक हाय. एकात एफ८ ला, दुसऱ्यात ई८ ला. मंग ई८ वाल्यात घोडा एफ८ वर येतो की, एच७ राखायला." बरोबर. त्या जोडीत नेमकं तेच होतं. वजीर एच५ वर येतो तोवर घोडा एफ८ ला पोचतो, आणि एफ७ चं प्यादं शह देऊन खाल्लं तरी पुढं मात नाही. बाकीच्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. पुढचा अर्धा तास वर्गात आवाज नव्हता, हे आमच्याकडं क्वचित घडतं.

पान दोनवर काळ्याचा सी८ चा उंट. सी८ ते एफ५ वाट मोकळी असली की तो एफ५ वर येऊन एच७ राखतो. ई६ ला प्यादं असलं की तो आपल्याच भिंतीमागं.

१३ जुलै, रविवार

मागच्या रविवारी आषाढी, वर्ग नव्हता. तो वेळ जोड्या बनवण्यात गेला.

हातानं एखादा मोहरा सरकवून फसवी स्थिती बनवता येते, पण ती कृत्रिम वाटते. घोडा अशा घरात जाऊन बसतो की तिथं तो डावात कधी आलाच नसता. पोरं ते हुंगतात. लिचेसच्या कोड्यांच्या रचनेतच यावर तोडगा निघाला. त्या फाइलमध्ये दिलेली स्थिती समोरच्याच्या चुकीच्या आधीची असते. पहिली चाल त्याची, म्हणजे चूक. कोडं त्यानंतर सुरू होतं. मग ती चूक काढून त्या जागी इंजिनला विचारून चांगली चाल घालायची आणि पांढऱ्याकडून तेच बलिदान करून बघायचं. बलिदान अजून शक्य आहे, समोरचा ते घेऊ शकतो, आणि घेतल्यावर देणारा बुडतो, असं तिन्ही जुळलं की जुळी स्थिती तयार. दोन्ही खऱ्या डावातून निघालेल्या, दोन्हींत फक्त समोरच्याची एक चाल वेगळी.

बहुतेक वेळा चांगली चाल म्हणजे हल्ला करणारा मोहराच मारणं, तेव्हा जुळं होत नाही. जी होतात ती मात्र अस्सल. कागदावर खेळाडूंची टोपणनावं छापायची नाहीत, असं ठरवलंय.

याचा एक फायदा मनात नव्हता. जोडीतली दुसरी स्थिती बचाव शिकवते. आपल्या राजावर कुणी उंट टाकला तर आधीच्या चालीला काय करायला हवं होतं, हे उत्तर पानावरच असतं.

२९ जुलै, मंगळवार

काल बाटुमीत दिव्या देशमुखनं हम्पी कोनेरूला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टरही झाली. नागपूरची मुलगी, म्हणजे आमच्या पोरांच्या भाषेत शेजारची. आज संध्याकाळी वर्ग नसताना पाचसहा जण दारात हजर. तिनं काय काय दिलं ते दाखवा, अशी मागणी. त्याऐवजी आनंद यांचा ॲरोनियनविरुद्धचा, नेदरलँड्समधल्या वाइक आन झी स्पर्धेतला २०१३ चा डाव दाखवला. काळ्या मोहऱ्यांनी घोडा ई५ वर, पांढऱ्याच्या राजाकडं एकामागून एक उंट-घोडे. निम्म्या चाली डोक्यावरून गेल्या. तरी उठले नाहीत.

१० ऑगस्ट, रविवार

आता खरी बलिदानं. यासाठी वेगळी फाइल उघडली आणि नाव दिलं 'बनी तो बनी'.

पहिली नोंद ताल यांची. १९६० चा जगज्जेतेपदाचा सामना, समोर बोत्विन्निक, सहावा डाव. काळ्या मोहऱ्यांनी ताल यांनी एफ४ वर घोडा देऊन टाकला. नंतरच्या विश्लेषणात पांढऱ्याला चांगला बचाव सापडला. पण पटासमोर घड्याळ चालू असताना बोत्विन्निकना तो सापडला नाही आणि डाव गेला. त्याच वर्षी ताल जगज्जेते झाले.

चाळणी हा डाव घेत नाही आणि मी अट सैल करणार नाही. पण संचातून तो वगळला तर पोरांना वाटेल की बलिदान म्हणजे नेहमी मोजून पुरं करायचं गणित. म्हणून या फाइलमधल्या पानांवर प्रश्न वेगळा: 'तुम्ही समोर बसला असता तर काय खेळला असता?' बचाव करणाऱ्यानं सोडवायचं. तालसारखं देण्याआधी असलं काहीतरी झेललेलं बरं.

त्या 'परभणी'वाल्या पोराला आज हीच फाइल दिली. बचाव शोधताना तो दोनदा म्हणाला, "सर, इथं तर काळ्याकडं काहीच नाही, नुसता घोळ घातलाय." मग तिसऱ्या ओळीत त्याचाच राजा सापडला.

१७ ऑगस्ट, रविवार

सद्यस्थिती. एच७ च्या जोड्या छापायला तयार. दोन उंटांचं बलिदान, लास्करच्या नमुन्यावर, तपासून झालं. पण त्याच्या जोड्या कमी निघतात, आणखी डाव चाळावे लागतील. त्यासाठी लिचेसच्या महिन्याच्या फायलींत ज्या डावांवर इंजिनचं मूल्यमापन आधीच लिहिलेलं आहे तेवढेच घ्यायचे, म्हणजे लॅपटॉपचं रात्रीचं काम वाचेल. एफ७ वरच्या घोडा-उंटाच्या बलिदानांची चाळणी अजून लिहायची आहे. तिथं राजा किल्लेकोटाआधीच मध्यात असतो, त्यामुळं राजाभोवतीच्या घरांचा नियम बदलावा लागेल. काळ्या बाजूनं खेळायच्या स्थिती फार थोड्या आहेत. त्या वाढवताना पट उलटा छापायचा की सुलटा, हे पोरांना विचारून ठरवणार.

झेरॉक्सवाल्याला मोठ्या पटांसाठी जाड कागद सांगितलाय.